सवारीच्या सोमवारची परीक्षा

काकू, आमच्या घरात सगळ्यांचे हात काळे असत.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. त्या दिवशी ते सकाळी डबा घेऊन गेले आणि तसाच भरलेला परत घेऊन आले. आईने तो त्यांच्या हातातून घेतला. दुपारी आम्ही सगळ्यांनी तो डबा वाटून खाल्ला. पुढे घरात अगरबत्तीचं काम आलं. व्यापाऱ्याचा माणूस काड्या आणि मसाला टाकून जायचा आणि आई, मी, धाकटी सुमन पाटापुढे बसून काड्या वळायचो. मसाल्यात कोळशाची भुकटी असते, ती एकदा नखांत बसली की साबणाने निघत नाही. उज्जैनच्या गोपाल मंदिरामागच्या त्या दोन खोल्यांत वास चंदनाचा आणि ताटात पातळ वरण. बाबा दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागले, देवास गेट ते गोपाल मंदिर. गिरणीतला माणूस, त्यांना गिऱ्हाईक ओरडून बोलवायला जमायचं नाही. रिकामा टेम्पो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आज गर्मी फार होती."

तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचात. एकदा वर्गात माझ्या हातांकडे बघून म्हणालात, "शाई सांडली का गं?" मी म्हटलं, "नाही मॅडम, अगरबत्ती." दुसऱ्या दिवशी तुम्ही रुमालात अर्धं लिंबू बांधून आणलंत. "नखांना चोळ," एवढंच बोललात आणि फळ्याकडे वळलात. लिंबाने फारसं काही निघालं नाही, पण तेव्हापासून तुम्ही शाळेत मॅडम आणि शाळेबाहेर काकू झालात.

परवा तुमचा तेरावा झाला. जेवणाच्या पंक्ती उठल्या, पाहुणे गाड्या पकडायला गेले, आणि अजितदादांनी मला पुढच्या खोलीत बोलवलं. कॉम्प्युटर चालू होता. ते म्हणाले, "रेखा, आईचं ईमेल उघडून दे. नातवंडांचे फोटो आहेत त्यात, पेन्शनचंही काही असेल. पासवर्ड तुला माहीत असेलच."

"नाही माहीत, दादा."

"असं कसं? हा कॉम्प्युटर तूच बसवलास. रोज तूच चालू करून द्यायचीस."

"चालू करून द्यायचे. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं, मी काही लपवून राहिले. थकलेला माणूस, पुण्याहून धावत आलेला, झोप नाही. मीही थकले होते. कोणाला काय सांगायचं आणि किती. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे हे खरं, पण आपलं ते भांडण मिटलं नव्हतं, आणि आता माझ्या बाजूने बोलायला मीच उरले आहे.

मी बी.ए. झाले. आमच्या खानदानात पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते, तुम्ही त्यावरून मला किती चिडवायचात: "रेखा पाणी मागेल तरी आधी बी.ए. सांगेल." असू दे. ज्या घरात कोणी मॅट्रिक नाही त्या घरात बी.ए. म्हणजे काय, हे तुमच्यासारख्यांना नाही कळायचं. तुमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लिहिणारे. तुमच्याकडे मुलगी शिकली तर बातमी होत नसे.

मग तुम्ही रिटायर झालात आणि माधव नगरच्या घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढलात. सगळे हसले. नागरिकशास्त्राची मास्तरीण आणि कॉम्प्युटर. तेव्हा उज्जैनमध्ये गल्लोगल्ली पाट्या लागून राहिल्या होत्या, इंटरनेट, इंटरनेट. जो तो म्हणायचा, आता नोकऱ्या यातच. तुम्ही भोपाळच्या एका संस्थेचं केंद्र घेतलंत: धडे फोनच्या लाइनवरून यायचे, परीक्षाही त्याच लाइनवरून. वर्षाचा डिप्लोमा. मला म्हणालात, "तू शिक आणि नव्यांना शिकव. फी-बीची गोष्ट काढलीस तर लिंबू परत घेईन."

त्या खोलीचे नियम काय सांगावेत. चपला बाहेर. जोराने बोलायचं नाही. दुसऱ्याच्या पडद्यात डोकं घालायचं नाही, दुसऱ्याची चिट्ठी वाचायची नाही. तुम्ही ते खडूने दारावर हिंदीत लिहून ठेवले होते, शाळेत नागरिकांची कर्तव्यं लिहायचात तसे. कोणी चॅटिंगवर भलतं नाव घेऊन बसला की मागून तुमचा आवाज यायचा, "ए, तुझ्या बापाने ठेवलेल्या नावात काय खोट आहे?" आणि खंडेनवमीला तुम्ही कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलंत, फ्लॉपीच्या फटीला नैवेद्याची जागा समजून कोणीतरी तिथे अक्षता टाकल्या. तो तांदूळ काढायला इंदूरचा माणूस आला होता. तुम्ही त्याला चहा देऊन म्हणालात, "अक्षता वाया नाही जात, बघा, तुम्ही आलात."

आणि उद्‌घाटनाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांची धड्यांची आणि परीक्षेची खाती उघडलीत. नवीन काम. कोणाचं नाव घेऊन सुरू करायचं, हा प्रश्न उज्जैनमध्ये पडत नाही. पहिल्या खात्याला पासवर्ड मागितला तेव्हा तुम्ही डोळे मिटून एका बोटाने टाइप केलंत: महाकाल. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. सगळ्या क्लासचं कुलूप एक आणि किल्लीही एक, आणि ती गावातल्या प्रत्येक टेम्पोच्या काचेवर लिहिलेली. बदलून घ्या, असं तुम्ही म्हणाला होतात. कोणी बदललं नाही. बदलायचं कशाला, तेही त्या नावावरून?

माझी शेवटची परीक्षा श्रावणातल्या सोमवारी आली, तीही शाही सवारीच्या, महाकालाची पालखी गावातून निघते त्या. भोपाळवाल्यांना त्याचं काय. इथे श्रावणी सोमवारी शाळा बंद असतात आणि रविवारी भरतात, हे त्यांना कोण सांगणार. परीक्षा दुपारी, ठरलेल्या तासातच द्यायची, लाइन बंद झाली की संपलं. मला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं आणि तिथे डिप्लोमा दाखवायचा होता. घरी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण आईने त्या दिवशी मला पाटाजवळ बसू दिलं नाही. "आज हात गोरे राहू दे," म्हणाली.

मी दुपार व्हायच्या आधीच निघाले होते, काकू. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. पण शाही सवारीला अर्धा देश उतरतो. रस्ते अडवायला बांबूच्या बल्ल्या लागल्या होत्या, लोक छतांवर, ओट्यांवर. मी इकडून गेले, बंद. तिकडून गेले, बंद. पोलिसाला म्हटलं, "भैया, परीक्षा है." तो म्हणाला, "बहनजी, आज सबकी परीक्षा है. पालकी निकलने दो." त्या गर्दीत मी बायकांच्या घोळक्यात अडकून उभी होते. बाजूच्या म्हातारीने माझ्या हातात बेलाचं पान दिलं आणि म्हणाली, रो मत बेटी, दर्शन हो जाएगा. दर्शन झालं. पालखी अगदी समोरून गेली. मी हात जोडले, आणि मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी मी तुमच्या दारात पोचले तर आत जल्लोष. मुकेशभैया, फ्रीगंजमध्ये त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान, दोन मुलांचा बाप, टॅली शिकायला यायचे, ते खुर्चीत मागे रेलून बसलेले.

"आओ दीदी, आओ. मिठाई खिलाओ."

"कशाची?"

"पास हो गईं आप. फर्स्ट क्लास."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मी आले नाही, वेळ निघून चालली, तेव्हा मुकेशभैयांनी माझं खातं उघडलं. पासवर्ड कोणाला विचारायची गरजच नव्हती. सगळा क्लास एका पडद्याभोवती गोळा झाला, आणि प्रश्नाला चार उत्तरं, तर घरात लग्नाची पत्रिका पसंत करतात तशी उत्तरं पसंत केली. "मैंने तो बोला था तीसरा वाला," क्लासमधली विभा म्हणत होती. "तू चुप, तेरे तीसरे ने ही एक कटवाया," मुकेशभैया म्हणाले. मला काय वाटलं? आनंद झाला. स्पष्टच सांगते, फार आनंद झाला. लोकांनी माझ्यासाठी एवढं केलं.

तुम्ही स्वयंपाकघरातून आलात. सोमवारचा उपास म्हणून सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करत होतात, तुमच्या पाठीमागे हे सगळं घडलं होतं. पातेलं टेबलावर ठेवलंत. पडद्याकडे पाहिलंत, माझ्या पायातल्या चिखलाकडे पाहिलंत.

"ही परीक्षा कोणी दिली?"

"सबने मिलके, आंटी," मुकेशभैया म्हणाले. "अपनी बच्ची है."

तुम्ही मला म्हणालात, "तू दिली असतीस तर मी पेढे वाटले असते."

"मग आता वाटा."

"आता खिचडी खा."

काकू, ती खिचडी मी खाल्ली नाही. आपण त्याच खोलीत भांडलो, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, मला सगळी उत्तरं येतात, विचारा, आता विचारा. तुम्ही म्हणालात, येतात हे मला माहीत आहे, भोपाळला कसं कळणार? मी म्हटलं, मोठ्या लोकांची मुलं काय काय करून पास होतात, त्यांना कोणी विचारतं का? तुम्ही म्हणालात, त्यांची मुलं माझ्या क्लासात नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला पेन्शन आहे. हे लागलं तुम्हाला. तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवलंत. मग म्हणालात, "चूक माझी आहे, पोरी. कुलूप मी लावलं सगळ्यांना, ते मलाच लिहावं लागेल."

आणि लिहायला बसलात. एका बोटाने. भोपाळच्या संस्थेला: ही परीक्षा त्या मुलीने दिलेली नाही, ती सवारीत अडकली होती, तिचा यात दोष नाही, केंद्रातल्या सर्वांचा पासवर्ड एकच आहे आणि तो मी ठेवला आहे. मला म्हणालात, "पाठवायच्या आधी वाचून घे. तुझ्याबद्दल आहे." मी वाचलं नाही. तुम्ही लाइन जोडलीत, मोडेम किरकिरलं आणि लाइन तुटली. परत जोडलीत, परत तुटली. मुकेशभैया हळूच म्हणाले, "आंटी, भगवान भी नहीं चाहते." तुम्ही म्हणालात, "त्यांना दुसरी कामं आहेत आज," आणि परत जोडलीत. ते गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. माझा निकाल रद्द. शाळेची जागा दुसऱ्या कोणाला. आणि तुमच्या केंद्राची परीक्षा घ्यायची परवानगी गेली, ते मला मागाहून कळलं, विभाकडून. परीक्षा नाही तर तिथे कोण शिकायला येणार? पोरं देवास गेटजवळच्या क्लासला गेली, जिथे कोणी काही विचारत नसे. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. सांगायला पाहिजे होतं. मी घरात पाटापुढे बसून, बी.ए. झालेल्या हातांनी काड्या वळत, तुम्हाला रोज मनातल्या मनात ऐकवत होते. मला वाटायचं, बुडाले ते मी एकटीच.

तुम्ही आलात ते बाबांच्याच टेम्पोतून. बाबांनी तुमच्याकडून भाडं घेतलं नाही, त्यावरून दारातच तुमची जुंपली. मग आत येऊन, लुगड्याचा काठ खोचून तुम्ही पाटापुढे बसलात आणि एक काडी घेतलीत. इतकी वाईट अगरबत्ती मी जन्मात पाहिली नाही. एका जागी जाड, एका जागी नुसती काडी. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

"हसा," तुम्ही म्हणालात. "इंदूरला परत परीक्षा आहे. मी नाव घालून आले. हिला घेऊन जाते."

मी म्हटलं, "मी नाही येत."

"बरं. मग मी इथेच बसते आणि सगळा माल खराब करते."

आई म्हणाली, "जा गं बाई, व्यापारी पैसे कापेल."

आपण इंदूरची बस पकडली. केंद्रावर नवीन खातं उघडायचं होतं. पासवर्डची जागा आली आणि मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या. एखादी साडी बदलत असली की दुसरी जशी वळते ना, तसं. तिथला मास्तर म्हणाला, "माताजी, क्या हुआ?" तुम्ही म्हणालात, "उसका काम है. आप भी घूम जाइए." आणि तोही घुमला, बिचारा.

मी काय ठेवलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

तीच मग आपल्याकडची रीत झाली. क्लास बंद झाला, पण तुमच्या घरी एक कॉम्प्युटर राहिला, तिथे येणारी कोणी वहिनी, कोणी म्हातारा, मुलाला अमेरिकेत चिट्ठी पाठवायला बसला की बाकीचे भिंतीकडे वळायचे. मुकेशभैयासुद्धा, "लो भिया, दीवार देखो," म्हणत. लोक हसायचे पण वळायचे. तुमच्यासाठी मी वळायचे.

भांडण मात्र राहिलंच. दर श्रावणात सोमवारी तुम्ही डब्यात खिचडी पाठवायचात आणि मी डबा परत करताना म्हणायचे, "काकू, तेव्हा राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" तुम्ही म्हणायचात, "मीठ बरोबर होतं का?" मी आजही म्हणते, माझं एक वर्ष गेलं. आमच्यासारख्यांना वर्ष फार महाग पडतं, काकू, तुमच्या हिशेबात ते बसत नाही. त्या वर्षात बाबा खोकत टेम्पो चालवत होते. सुमनचं कॉलेज राहिलं ते राहिलंच. तुम्ही बरोबर होतात असं मला पूर्ण म्हणता येत नाही, आणि चूक होतात असं म्हणायला गेले की ती वाकडी अगरबत्ती आठवते. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या वेळी आले तेव्हा ठरवलं होतं, तुमच्या क्लासचं काय झालं ते मला कळलंय, हे आज बोलायचंच. तुम्ही नळ्यांच्या गुंत्यातून म्हणालात, "शाळा सुटली का?" मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "मग जा घरी, थकली असशील." आणि मी गेले. खरंच थकले होते.

तर परवा अजितदादा म्हणाले, "महाकाल टाकून बघू. आई दुसरं काय ठेवणार?" त्यांनी टाकलं. उघडलं नाही. मग त्यांनी स्वतःचं नाव टाकलं, नातवंडांची नावं टाकली. शेवटी माझंही टाकून पाहिलं, माझ्यासमोर. नाही उघडलं. ते खुर्चीत बसून राहिले आणि एकदम हसले, रडून झाल्यावर माणूस हसतो तसं. म्हणाले, "काय ठेवलं असेल गं तिने?" मी म्हटलं, "त्यांचं काम आहे, दादा." पेन्शनच्या कागदांसाठी उद्या त्यांच्याबरोबर ऑफिसात जाईन. फोटो त्यांच्या घरच्यांकडे आहेतच. बाकीचं राहू दे आत.

आज श्रावणी सोमवार नव्हता, माझी शाळा होती. सहावीची मुलं आली, चपला बाहेर काढल्या. एका कॉम्प्युटरवर तिघं-तिघं बसतात, जागा नाही. मी म्हटलं, चला, पासवर्ड. एक मुलगी बसली, दोघी भिंतीकडे वळल्या. कोणाला सांगावं लागलं नाही.

काकू, इंदूरची ती परीक्षा मी पास झाले. दुसऱ्या श्रेणीत. मी दिली होती.